विंचमध्ये बोटं गेली, भरपाई मालकाने द्यायची की सरकारने?

वाडीकर: आमच्या शेजारचा पोरगा, वय ३०, ट्रॉलरवर खलाशी. जाळं ओढताना विंचच्या (जाळं ओढायच्या यंत्राच्या) रोपात, म्हणजे दोरात, हात सापडला, तीन बोटं गेली. मालकाने हॉस्पिटलचं बिल भरलं, वर पन्नास हजार दिले आणि "यापुढे काही मागणं नाही" अशा कागदावर सही घेतली. माझं स्पष्ट मत, भरपाई मालकानेच द्यायची, आणि ती मेहेरबानी नाही, हक्क आहे.

नाखव्याचा_मुलगा: बोलायला सोपं आहे दादा. डिझेल, बर्फ, जाळी, जून-जुलै बंदीत बोट किनाऱ्यावर, वर खलाशांची उचल सिझन सुरू व्हायच्या आधीच दिलेली. एकच बोट असलेल्याने लाखो रुपये आणायचे कुठून? आणि आमच्याकडे खलाशी वाट्यावर असतो, मासळी जास्त तर त्यालाही जास्त, मग तो नोकर कसा? मत्स्यसंपदा योजनेचा अपघात विमा आहे ना, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः असेल तर अडीच, हप्ता सरकार भरतं. तिकडून घ्या.

कायदा_वाचलेली: विमा घ्यावाच, पण त्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलाय, त्याचा हिशोब बघा. महिना १५,००० पगार धरला तर त्याचे ६० टक्के ९,०००, वय ३० साठी कायद्यातला गुणक २०७.९८, म्हणजे पूर्ण अपंगत्वाचे १८,७१,८२० होतात. एका हाताची तीन बोटं गेली तर ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६. कुठे पन्नास हजार आणि कुठे साडेपाच लाख! आणि हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यापुढे टिकत नाही, दावा मात्र दोन वर्षांच्या आत करा. वाट्याचं म्हणाल तर बोट कोणाची, कुठे जायचं ते कोण ठरवतं, माणूस कामावर ठेवतो-काढतो कोण, हे बघावं लागेल, नुसतं "वाटा" म्हटल्याने कोणी भागीदार होत नाही.

तांडेल_जुना: चूक कोणाची हे पण बघा की. मी कितीदा ओरडतो, रोप ताणावर असताना हात घालू नका, ऐकत नाहीत. त्याच्या हलगर्जीपणाचे पैसे नाखव्याने, म्हणजे बोटमालकाने, का द्यायचे?

कायदा_वाचलेली: काका, दारू प्यायलेला असेल किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला असेल तर गोष्ट वेगळी, तीसुद्धा मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व असेल तर चालत नाही. रात्रभर जागून पहाटे जाळं ओढताना हात चुकला, याने भरपाई बुडत नाही.

नाखव्याचा_मुलगा: मग एका अपघातात बोट विकायची का आम्ही?

वाडीकर: विकू नका ना, खलाशांचा विमा काढा. बोटीचा काढता, कारण बँक कर्ज देताना मागते, माणसांचा कोणी मागत नाही म्हणून राहतो. मर्चंट नेव्हीतल्या पोरांना निदान एमएलसीचा, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, आधार आहे, त्यात मालकाला भरपाईची आर्थिक हमी आधीच ठेवावी लागते. मासेमारी बोटी त्यातून वगळल्यात, आणि मासेमारीसाठीचा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) वेगळा करार, १८८ नंबरचा, त्याला भारताने मान्यताच दिलेली नाही. माझा राग खरा यावर आहे, नुसता तुमच्यावर नाही.

नाखव्याचा_मुलगा: खलाशांच्या विम्याचा हप्ता मच्छीमार सोसायटीने मिळून भरायचा ठरवला तर मी पहिला पैसे देईन. पण एकट्या मालकाच्या डोक्यावर टाकणं मला अजूनही पटत नाही.

वाडीकर: सोसायटीत विषय काढा, मी सोबत येतो. दावा मात्र आम्ही करणारच, या आठवड्यात डिस्चार्जचे कागद घेऊन वकिलाकडे जातोय.