मदत हवी आहे : एसीएल ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी, नाशिक

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सतरा वर्षांची, कबड्डीत चढाई करते. पाच महिन्यांपूर्वी वळताना पाय मॅटवरच राहिला, गुडघा फिरला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलं होतं, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

सुरुवातीचे तीन महिने व्यायाम नीट झाले. गुडघा पूर्ण वाकतो, सरळही होतो. आता मात्र जिथे जातो तिथे मशीन लावून शेक देतात आणि घरी पाठवतात. मांडी बघितली तर अजून दुसरीपेक्षा बारीक दिसते. डॉक्टर म्हणतात, नऊ महिन्यांच्या आत मॅट नाही, आणि त्यानंतरही दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली, एका पायावरच्या उड्यांची चाचणी जमली तरच. हे मोजून देणारं, उडी मारून उतरायला, दिशा बदलायला शिकवणारं कोणी हवंय.

आम्ही सिडकोत राहतो. गंगापूर रोड, पंचवटी, कुठेही चालेल, दुचाकीवर नेईन. खेळाडूंसोबत काम केलेले फिजिओ माहीत आहेत का? एका वेळेचे किती घेतात? आठवड्यातून दोनदा जाऊन बाकी घरी केलं तर पुरतं का?

कोच रोज विचारतात, "कधी येतेय?" तीही चिडलीय, काल गच्चीवर गुपचूप पळत होती! कोणाच्या मुलामुलीने यातून परत खेळायला सुरुवात केली असेल तर तिच्याशी दोन शब्द बोलाल का? माझं ऐकत नाही.