मदत हवी आहे: प्रीकॅल्क्युलसचा सराव बरोबर येतो, चाचणीत मात्र सगळे चुकते

उंबरठा

प्रीकॅल्क्युलसची (म्हणजे कॅल्क्युलसच्या आधी शिकवल्या जाणाऱ्या गणिताची) पुढची चाचणी ९ दिवसांवर आली आहे आणि मी पूर्णपणे अडकले आहे. रोज दोन-अडीच तास बीजगणित आणि फंक्शनची उदाहरणे सोडवते. आतापर्यंतच्या प्रत्येक स्वाध्यायातील विषम क्रमांकाची सगळी उदाहरणे संपवली आहेत, कारण पुस्तकाच्या शेवटी उत्तरे तेवढ्यांचीच दिली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक बरोबरही येतात. तरीही मागच्या दोन्ही चाचण्यांत मला निम्म्याहून कमी गुण मिळाले. मन लावून अभ्यास करा, घाबरू नका, असे कृपया कोणी सांगू नये; मन लावूनच करते आहे. सराव कसा करावा म्हणजे तो चाचणीत उपयोगी पडेल, एवढेच मला हवे आहे. शक्य असेल तर आजच सांगा.

रेखांश

काय चुकते ते तुम्ही लिहिलेच नाही. ‘सगळे चुकते’ यावरून कोणालाही काही सांगता येणार नाही. चाचणीतील तीन-चार उदाहरणे तुम्ही लिहिलेल्या पायऱ्यांसह इथे द्या. चुकलेले उत्तर नुसते कळून उपयोग नाही, चुकलेली पायरी दिसली पाहिजे.

जुना_वाचक

माझ्या अनुभवात बीजगणितात अडखळणाऱ्या बहुतेकांचे मूळ दुखणे वर्गसमीकरणात असते. पूर्ण वर्ग करताना अपूर्णांक आले की हात थांबतो. त्यासाठी जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत शिकून घ्या. भास्कराचार्यांनी ती त्यांचे नाव घेऊन उद्धृत केली आहे. क्ष^२ च्या सहगुणकाची चौपट घेऊन तिने दोन्ही बाजूंना गुणायचे आणि मग क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. उदाहरणार्थ, ३क्ष^२ + ५क्ष = २ असेल तर १२ ने गुणून ३६क्ष^२ + ६०क्ष = २४ मिळते. दोन्ही बाजूंना २५ मिळवले की (६क्ष + ५)^२ = ४९ होते. म्हणून ६क्ष + ५ ची किंमत ७ किंवा −७, आणि क्ष ची १/३ किंवा −२. संपूर्ण कृतीत शेवटच्या भागाकारापर्यंत एकही अपूर्णांक येत नाही.

उंबरठा

रीत सुंदर आहे, पण वर्गसमीकरणे मला येतात, सूत्रानेही आणि अवयव पाडूनही. रेखांश, माझ्या चुका एका प्रकारच्या नाहीत, दर वेळी काहीतरी वेगळेच होते, म्हणून त्या लिहिल्या नव्हत्या.

कोरीपाटी

मी सांगते ते करून पाहा. कोणतेही फंक्शन समोर आले की पहिल्यांदा त्याचा आलेख हाताने काढा, कच्चा असला तरी चालेल. फंक्शन कुठे वर जाते, कुठे तुटते, अक्षाला कुठे छेदते हे डोळ्यांसमोर असले की बीजगणितातील चूक आपोआप उघडी पडते. मी पूर्ण सत्र याच पद्धतीने काढले. कॅल्क्युलेटरवरचा आलेख मात्र नको, हातानेच काढा.

सावकाश

उंबरठा, सल्ल्याआधी दोन प्रश्न विचारतो. घरी एखादे उदाहरण सोडवायला घेता तेव्हा वरचे शीर्षक आणि त्याच प्रकारचे सोडवून दाखवलेले उदाहरण तुमच्या नजरेसमोर असते का? आणि पुस्तकाच्या शेवटचे उत्तर तुम्ही स्वतःचे उत्तर पूर्ण लिहून झाल्यावर पाहता की मध्येच?

उंबरठा

शीर्षक आणि सोडवलेले उदाहरण समोर असतेच, पुस्तकाची रचनाच तशी आहे. उत्तर पूर्ण झाल्यावर पाहते, पण जुळले नाही तर लगेच मागे जाऊन जुळेपर्यंत पायऱ्या बदलते. आता चाचणीतील चार उदाहरणे देते.

पहिले: फ(क्ष) = क्ष^२ − ३क्ष असताना [फ(क्ष + ह) − फ(क्ष)]/ह काढा. मी फ(क्ष + ह) = क्ष^२ − ३क्ष + ह लिहिले, वजाबाकी करून ह उरला, उत्तर १ आले. शून्य गुण.

दुसरे: √(क्ष + ७) = क्ष + १. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, क्ष^२ + क्ष − ६ = ० मिळाले, उत्तर २ आणि −३. निम्मे गुण.

तिसरे: (क्ष + १)/(क्ष − २) > ३. छेदाने गुणले, क्ष + १ > ३क्ष − ६, म्हणून क्ष < ७/२. इथे एकच गुण मिळाला.

चौथे: फ(क्ष) = क्ष^२ आणि ग(क्ष) = √क्ष असताना फ(ग(क्ष)) आणि त्याचे डोमेन (क्ष च्या चालणाऱ्या किमती) सांगा. मी क्ष, सर्व वास्तव संख्या, असे लिहिले. डोमेन चूक.

ही चारही प्रकारची उदाहरणे घरी मला आली होती.

रेखांश

आता बोलता येईल. पहिल्या उदाहरणातील चूक सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. फ(क्ष + ह) म्हणजे फ च्या नियमात जिथे जिथे क्ष आहे तिथे तिथे पूर्ण (क्ष + ह) कंसासह ठेवणे. तुम्ही फ(क्ष) + ह लिहिले. त्यातून उत्तर १ च येणार होते, कारण [फ(क्ष) + ह − फ(क्ष)]/ह ही किंमत फ कोणतेही असले तरी १ च असते. फंक्शन बदलले तरी ज्या पद्धतीचे उत्तर बदलत नाही, ती पद्धत फंक्शनकडे पाहतच नाही, हे तिथेच जाणवायला हवे होते.

यावर मी एकच उपाय मानतो. नियम लिहिताना क्ष लिहूच नका, रिकामे कंस लिहा: फ( ) = ( )^२ − ३( ). मग प्रत्येक कंसात जे दिले असेल ते भरा. क्ष + ह भरल्यावर क्ष^२ + २क्षह + ह^२ − ३क्ष − ३ह मिळते. त्यातून फ(क्ष) वजा करून ह ने भागले की २क्ष + ह − ३ उरते. कंसात ५ भरा, −क्ष भरा, दुसरे फंक्शन भरा, कृती तीच राहते.

कोरीपाटी

तिसऱ्या उदाहरणात आलेखाने तुम्हाला वाचवले असते. (क्ष + १)/(क्ष − २) हे १ + ३/(क्ष − २) असे लिहिता येते, म्हणजे १/क्ष चाच आलेख तिपटीने ताणलेला, दोन घरे उजवीकडे आणि एक घर वर सरकवलेला. तो ३ या उंचीच्या वर फक्त २ आणि ७/२ यांच्यामध्येच असतो. म्हणून उत्तर २ < क्ष < ७/२. क्ष − २ ऋण असताना त्याने गुणल्यावर चिन्ह उलटते, हा नियम पाठ असूनही माणूस विसरतो. नजरेसमोर आलेख असेल तर विसरायला जागाच राहत नाही.

रेखांश

चाचणीत प्रत्येक असमानतेसाठी आलेख काढायला वेळ कुठून आणणार? सगळे एका बाजूला आणून (७ − २क्ष)/(क्ष − २) > ० असे लिहावे, २ आणि ७/२ या दोन ठिकाणी संख्यारेषा तोडावी आणि तीन तुकड्यांत चिन्ह पाहावे. दोन ओळींत काम होते.

कोरीपाटी

तुमची रीत बरोबर आहे, पण ती आठवायची तर आधी ‘इथे गुणणे धोक्याचे आहे’ ही शंका आली पाहिजे. उंबरठा यांना ती शंकाच आली नाही. आलेख काढायचा नसेल तर निदान क्ष = ० ठेवून पाहावे: त्यांच्या उत्तरात ० बसतो, पण डावी बाजू −१/२ होते आणि ती ३ पेक्षा मोठी नाही. याला दहा सेकंदही लागत नाहीत.

जुना_वाचक

पहिल्या उदाहरणाबद्दल थोडे सांगावेसे वाटते. ‘फंक्शन’ हा शब्द गणितज्ञ लाइब्निट्स यांच्या १६७३ च्या हस्तलिखितात आढळतो, आणि कंसातील चलाचे, म्हणजे फ(क्ष) असे, आजचे चिन्ह गणितज्ञ ऑयलर यांनी १७३४ मध्ये वापरले. शाळेत आपण कंस म्हणजे गुणाकार असे वर्षानुवर्षे शिकलेलो असतो, ३(क्ष + २) म्हणजे ३क्ष + ६. नंतर तोच कंस फ च्या पुढे येतो आणि अर्थ बदलतो. इथे फ ही संख्या नाही आणि गुणाकारही नाही. फ(क्ष + ह) हे फ(क्ष) + फ(ह) मानणे किंवा ह नुसताच बाहेर काढणे, या दोन्ही चुका त्या जुन्या सवयीतून येतात.

सावकाश

जुना_वाचक यांचा हा मुद्दा कामाचा आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो सरावाच्या पद्धतीचा होता आणि त्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

उंबरठा, तुमच्या घरच्या सरावात ‘कोणती रीत वापरायची’ हा निर्णय तुम्ही एकदाही घेतलेला नाही. तो शीर्षकाने घेतला आहे. ‘वर्गमूळ असलेली समीकरणे’ या शीर्षकाखाली उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहायचे हे लक्षात असते, कारण वरच्याच उदाहरणात ते केलेले असते. चाचणीत शीर्षक नव्हते आणि −३ ठेवून पाहायचे राहिले. ठेवले असते तर डावीकडे √४ म्हणजे २ आणि उजवीकडे −२ दिसले असते.

या बाबतीत डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांचा २००७ चा एक प्रयोग माझ्या मनात कायम आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणे सलग सोडवली, दुसऱ्याने चारही सरमिसळ करून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, सरमिसळ करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाल्यांची २० टक्के बरोबर होती आणि सरमिसळवाल्यांची ६३ टक्के. तुम्ही जे पहिल्या परिच्छेदात लिहिले आहे ते मला यापेक्षा वेगळे वाटत नाही.

तेव्हा आता असे करा. सम क्रमांकाची उदाहरणे घ्या, ज्यांची उत्तरे शेवटी नाहीत. सगळ्या प्रकरणांतून मिळून ६० उदाहरणे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा, चिठ्ठीवर प्रकरण किंवा शीर्षक लिहू नका आणि चिठ्ठ्या मिसळा. एक चिठ्ठी उचलली की पेन चालवण्याआधी एक वाक्य लिहा: काय विचारले आहे आणि क्ष ला कुठे मनाई आहे. छेद शून्य होतो का, वर्गमूळाखाली ऋण संख्या येते का, लॉगच्या आत शून्य किंवा ऋण संख्या येते का? उत्तर आले की ते मूळ उदाहरणात ठेवून स्वतः तपासा. सम क्रमांक मुद्दाम सांगतो आहे, कारण उत्तर जुळेपर्यंत पायऱ्या बदलण्याची सवय त्यांत चालत नाही.

रेखांश

मला हे पूर्ण मान्य नाही. फ(क्ष + ह) चा अर्थच चुकीचा समजला असेल तर सरमिसळ केल्याने तो सुधारणार नाही, चुकीचा अर्थ अधिक ठिकाणी वापरला जाईल एवढेच. आधी संकल्पना, मग चिठ्ठ्या.

सावकाश

पहिल्या उदाहरणापुरते तुमचे खरे आहे. उरलेल्या तिन्हींत मात्र मला समज चुकलेली दिसत नाही, सावधपणा राहून गेलेला दिसतो. चौथ्यातही √क्ष ला ऋण संख्या चालत नाही हे त्यांना माहीत आहे, फक्त वर्ग करून क्ष सुटा झाला आणि आत आधी √क्ष होते ते नजरेआड झाले. सुटसुटीत रूप मिळण्याआधी डोमेन लिहिले असते तर क्ष ≥ ० तिथेच आले असते. म्हणून पहिला दिवस तुमच्या रिकाम्या कंसांना द्यावा आणि दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या घ्याव्यात, असे मी सुचवतो.

रेखांश

याला माझी हरकत नाही.

उंबरठा

काल दिवसभर रिकाम्या कंसांचा सराव केला, आज २० चिठ्ठ्या सोडवल्या. खरे सांगते, फार हळू झाले आणि मधे एकदा वही मिटून ठेवावीशी वाटली, कारण ११ च बरोबर आली. पण कोणती चुकली हे या वेळी मला स्वतःला कळले. लॉग क्ष + लॉग(क्ष − ३) = १ मध्ये (आधार १०) ५ आणि −२ आले, तेव्हा क्ष > ३ हे मी आधीच लिहून ठेवलेले असल्यामुळे −२ लगेच काढून टाकले.

एक चिठ्ठी मात्र कळत नाही. फ(क्ष) = (२क्ष + १)/(क्ष − ३) चे इन्व्हर्स काढा. चिठ्ठीवर इन्व्हर्ससाठी फ वर घात −१ लिहिला आहे, म्हणून मी उलट करून (क्ष − ३)/(२क्ष + १) लिहिले. हे तपासायचे कसे? इथे तर समीकरणच नाही.

रेखांश

इन्व्हर्सचे काम फ ने केलेले उलटवणे हे आहे, म्हणून एक संख्या घेऊनच तपासा. फ(४) = ९/१ = ९. तेव्हा इन्व्हर्समध्ये ९ ठेवल्यावर ४ परत मिळाले पाहिजेत. तुमच्या उत्तरात ६/१९ मिळतात. तुम्ही १/फ(क्ष) काढले आहे. फ वर लिहिलेला −१ हा घात नाही, तो फक्त ‘उलट फंक्शन’ या अर्थाचे चिन्ह आहे. य = (२क्ष + १)/(क्ष − ३) असे लिहा, छेदाने गुणा, क्ष ची पदे एका बाजूला आणा आणि क्ष बाहेर काढा. पुढचे मी मुद्दाम लिहीत नाही.

उंबरठा

यक्ष − ३य = २क्ष + १. म्हणून क्ष(य − २) = ३य + १. इन्व्हर्स (३क्ष + १)/(क्ष − २), क्ष ला २ ची मनाई. ९ ठेवून पाहिले: २८/७, म्हणजे ४.