शुभवर्तमान, सुवार्ता, मिशनरी: नेमका फरक काय?

धागाकर्ती

नगरला एका मैत्रिणीच्या घरी तिच्या आजोबांचं जुनं बायबल चाळत होते. एका प्रकरणाचं नाव 'मत्तयकृत शुभवर्तमान'. मी मनातल्या मनात त्याचा अर्थ 'चांगला वर्तमानकाळ' असा लावला आणि मत्तयाने काळ कसा काय 'केला' असेल या विचारात पडले! मैत्रीण खूप हसली. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी 'सुवार्ता सभा' असा फलकही होता. मग हे दोन शब्द एकाच अर्थाचे की वेगळे? आणि पाद्री, मिशनरी, सुवार्तिक यांत फरक आहे की सगळं एकच? जाणकारांनी सांगावं.

जुनी पोथी

ताई, घोटाळा तुमचा नाही, काळाचा आहे. 'वर्तमान' म्हणजे बातमी. पेशवाईतली पत्रं काढून बघा, 'इकडील वर्तमान तरी' अशी सुरुवात करून पुढे सगळी हकीकत. बखरीत कुणाला ना कुणाला काही 'वर्तमान' कळत असतं आणि लगेच घोड्यावर खोगीर चढतं. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही हा अर्थ आहे. म्हणून तर 'वर्तमानपत्र'. व्याकरणातला काळ पुढे इतका डोक्यात बसला की बातमीचा अर्थ त्या एका जोडशब्दापुरता उरला.

मूळ ग्रीक शब्द 'युआंगेलियोन'. यु म्हणजे चांगलं, आंगेलोस म्हणजे निरोप्या (इंग्रजीतला एंजल तोच). ख्रिस्ताच्या आधीपासून हा शब्द वापरात होता. होमरच्या काव्यात तो चांगली बातमी आणणाऱ्याला मिळणाऱ्या बक्षिसासाठी येतो, म्हणजे आपल्या 'तुझ्या तोंडात साखर पडो'च्या जवळचा. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रीएने इथल्या इ.स.पू. ९ च्या शिलालेखात रोमन बादशहा ऑगस्टसचा जन्मदिवस ही जगासाठी शुभवार्तांची सुरुवात, असं कोरलंय. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी दरबारी घोषणेचा हा शब्द उचलला आणि सुळावर दिलेल्या एका सुताराच्या गोष्टीला लावला. त्या काळच्या ऐकणाऱ्याला त्यातला टोमणा नक्की कळत असणार.

मराठीत शुभ + वर्तमान आणि सु + वार्ता ही दोन्ही त्याचीच हुबेहूब रूपं. वर्तमान, वार्ता, वृत्त, वृत्तांत सगळे 'वृत्' धातूचे. पण वापरात वाटणी झाली आहे. ग्रंथाचं नाव शुभवर्तमान, त्यातला संदेश सुवार्ता. त्याच बायबलात मार्काच्या पहिल्याच अध्यायात 'सुवार्तेवर विश्वास ठेवा' असं सापडेल.

चावडीवरचा

आमच्या पतपेढीच्या दारावर 'सोने तारण कर्ज मिळेल' अशी पाटी आहे आणि समोर चर्चच्या भिंतीवर 'प्रभू येशूमध्ये तारण आहे'. लहानपणी मला वाटायचं, दोघांचं काहीतरी साटंलोटं असावं.

जुनी पोथी

:) तारणे म्हणजे बुडत्याला पैलतीरी नेणे, 'देव तारी त्याला कोण मारी' मधलं. मिशनऱ्यांनी ते बरोबर उचललं. बँकेचं तारण सावकाराला तारतं, एवढाच फरक.

आता माणसांची नावं. 'सुवार्तिक' म्हणजे सुवार्ता सांगणारा. 'पाद्री' पोर्तुगीज, 'पाद्रे' म्हणजे बाप. 'मिशनरी'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'पाठवणे'. याला अस्सल प्रतिशब्द आपल्याकडे आहे: प्रेषित. ग्रीक 'अपोस्तोलोस'चं ते भाषांतर, त्याचाही अर्थ 'पाठवलेला'. अरबी 'रसूल'मध्येही पाठवणंच, म्हणून मराठीत मुहम्मद पैगंबरही प्रेषित. मात्र बायबलात ख्रिस्तपूर्व भविष्यवादी 'संदेष्टे' आणि ख्रिस्ताचे बारा शिष्य 'प्रेषित'. ही गल्लत वर्तमानपत्रांत रोज होते.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, पण स्वतःला 'प्रेषित' म्हणवण्याचा आगाऊपणा कोणी केला नाही. लोक म्हणायचे साहेब किंवा पाद्रीसाहेब. इंग्रज मिशनरी विल्यम केरी तर इकडे कधी आलाच नाही. बंगालमधल्या श्रीरामपुरात (तुमच्या नगर जिल्ह्यातलं नव्हे!) बसून वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापलं.

वसईवाली

आमच्याकडे, म्हणजे कॅथलिकांत, पाद्री म्हटलं तर कान टवकारतात. फादर किंवा धर्मगुरू. पाळक म्हणजे प्रोटेस्टंटांकडचे. त्यांचा बाप्तिस्मा, आमचा स्नानसंस्कार. चर्चला त्यांचा शब्द मंडळी, आमचा ख्रिस्तसभा. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शुभवर्तमान वाचायला लागले की सगळे उभे राहतात, तेव्हा हा शब्द आम्हाला अवघड कधी वाटलाच नाही. 'सुवार्ता' म्हटलं की मात्र आधी आठवतं ते मासिक, फादर दिब्रिटो ज्याचे अनेक वर्षं संपादक होते ते.

आणि सुरुवात अमेरिकनांपासून का करता? इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स १५७९ मध्येच गोव्यात आले. त्यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. रोमन लिपीत, पण भाषा मराठी. त्यात स्वर्गाला चक्क 'वैकुंठ' आहे.

जुनी पोथी

मान्य, चूक कबूल. वैकुंठावरून आठवलं, पंडिता रमाबाईंनी उलट वाट धरली. मूळ हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला बायबल साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत आणलं. छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये, त्या गेल्यावर.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. एक राहिलंच: धर्मप्रसार, धर्मप्रचार आणि धर्मांतर हे बातम्यांत एकाच अर्थाने का येतात?

चावडीवरचा

यायला नकोत. प्रसार हा सांगणाऱ्याचा, धर्मांतर ऐकणाऱ्याचं. संविधानाच्या २५ व्या कलमात प्रसाराचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे कायद्यानेही दोन शब्द वेगळे ठेवलेत. 'बाटणे' तर तिसरंच, त्यात निर्णय आधीच देऊन झालेला असतो. १८९५ साली कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाच्या लेखी ते 'बाटले' होते. त्यांच्या लेखी त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं होतं.

वसईवाली

आणि 'मिशनरी वृत्तीने काम करणारा' म्हणून ज्यांचे सत्कार होतात, त्यांतले निम्मे चर्चच्या पायरीवरही चढलेले नसतात. हा अर्थ कोशात घाला कोणीतरी.

धागाकर्ती

आजीला फोन करून 'काय वर्तमान?' विचारलं. म्हणाली, 'गुडघे दुखताहेत, बाकी ठीक.' तिला अर्थ सांगावा लागला नाही.