बालकथा म्हणजे 'गोडगोड थापा'? अजिबात पटलं नाही

पाऊलखुणा: होकायंत्र यांनी काल लिहिलं की महिनाभर मुलांची पुस्तकं चाळली, गोष्टी 'गोडगोड थापा' वाटल्या, विज्ञानाच्या पुस्तकांतून मात्र 'पानागणिक काहीतरी पदरात पडतं', म्हणून दहा वर्षांपर्यंत मुलांना तीच द्यावीत. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. माझी लेक सात वर्षांची असताना घरातलं मांजर गेलं. पंधरा दिवस तिने त्याचं नावही काढलं नाही. मग एका गोष्टीत म्हातारा कुत्रा मरतो, ते पान तिने मला तीनदा वाचायला लावलं, चौथ्यांदा स्वतः वाचलं आणि तेव्हा कुठे रडली. 'पदरात काय पडलं' हे मुलं विचारत नाहीत, आपण विचारतो.

होकायंत्र: लेकीचं वाचून वाईट वाटलं, पण एका अनुभवावर सगळं ठरत नाही. शेवटच्या पानावर खोटं बोलणाऱ्याची फजिती, हे मी पंधरा पुस्तकांत वाचलं. उलट मायकेल फॅरेडे बघा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा पोरगा, जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्राचं सोपं पुस्तक वाचून विज्ञानाकडे वळला. कुठल्या परीकथेने असा फॅरेडे घडवला?

शाईची दौत: अहो, ते पुस्तक म्हणजे एक बाई आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्यातल्या गप्पा आहेत! मुली शंका काढतात, चुकतात, हट्टाला पेटतात. तुम्ही आमच्याच बाजूचा साक्षीदार आणलात.

होकायंत्र: संवाद आहे, मान्य. पण त्यातलं रसायन खरं होतं.

तापमापी: 'खरं' म्हणालात म्हणून राहवत नाही. याच फॅरेडेने १८६० च्या नाताळात मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. आणि आजची पुस्तकं? ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर ग्लास उपडा. खाली ठरलेलं वाक्य: 'ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली.' चूक आहे हे!

जुनी वही: काहीही काय? मी वीस वर्षं हेच शिकवलंय. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, पाणीही साधारण पाचवा हिस्सा चढतं. हिशेब जुळतो.

तापमापी: योगायोगाने जुळतो. तीन मेणबत्त्या लावा, त्याच ग्लासात पाणी जास्त चढेल. ऑक्सिजन तिप्पट झाला का? मुख्य कारण गरम हवा. ग्लास ठेवताना ती फुगलेली असते, कडेने थोडी बुडबुड्यांनी निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजन बराच शिल्लक असतो.

जुनी वही: वीस वर्षं शिकवणाऱ्याला असं चारचौघांत खोटं पाडायचं, ही कुठली रीत?

तापमापी: तुम्हाला नाही, पुस्तकाला म्हणतोय. माझ्या भाचीने विचारलं होतं, 'मामा, ऑक्सिजन जळत असताना हळूहळू संपतो ना, मग पाणी विझल्यावरच भसकन का चढलं?' मी तिला पुस्तकातलं वाक्य दाखवून गप्प केलं. आठ वर्षांच्या पोरीचं निरीक्षण बरोबर होतं आणि मी छापलेल्या ओळीवर विसंबलो. अजून टोचतं ते.

शाईची दौत: मग थापा कोण मारतंय? गोष्टीतला बोलणारा कोल्हा खरा आहे, असं कुणीच सांगत नाही. हे पान सांगतं.

जुनी वही: आत्ता करून बघितलं. तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढलं. बुडबुडेही दिसले. पण ऑक्सिजनचा काहीच वाटा नाही, असं म्हणू नका.

तापमापी: थोडा आहे. म्हणूनच 'मुख्य कारण' म्हटलं.

होकायंत्र: माझ्या चाळलेल्या गठ्ठ्यातल्या दोन पुस्तकांत तेच वाक्य निघालं. समासात पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे. 'दहा वर्षांपर्यंत' हे मागे घेतो. उपदेशाच्या गोष्टींबद्दलचं मत मात्र तेच.

पाऊलखुणा: उपदेशाच्या गोष्टी मलाही आवडत नाहीत. त्या कुत्र्याच्या गोष्टीत उपदेशाची एक ओळ नाही. तेवढी वाचा, मग बोलू.