पावसाळ्यात अंडी उबवताना पाण्याचा ट्रे कोरडा ठेवा म्हटलं की लोकांच्या पोटात का दुखतं?

भांडुपचा_भाऊ
परवा पवईच्या एका सभासदाने इथे ठणकावून लिहिलं: "इन्क्युबेटरचा ट्रे पहिल्या दिवसापासून भरलेला ठेवा, आर्द्रता ६० च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर पिल्लं कवचाला चिकटतात." खाली सगळ्यांची वाहवा. दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही.

अहो, जुलै चालू आहे. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के. हीच हवा डब्यात शिरून ३७.५ ला तापली की आर्द्रता आपसूक ५० च्या आसपास येते. थेंबभर पाणी न घालता. अठराव्या दिवसापर्यंत हवी ती एवढीच! वर ट्रे भरायचा म्हणजे पोहणाऱ्याच्या डोक्यावर बादली ओतण्यासारखं आहे.

अंड्याचं वजन अठरा दिवसांत १२-१३ टक्के उतरायला हवं. पाणी उडतं तेव्हाच बोथट टोकाची हवेची पोकळी वाढते आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. गेल्या जुलैत मीही असाच सल्ला ऐकला होता. १२ गावठी अंडी, मिळून ५४० ग्रॅम. अठराव्या दिवशी ५०४. उतरायला हवे होते ७० ग्रॅम, उतरले ३६. दोन पिल्लं निघाली. बाविसाव्या दिवशी उरलेली दहा मोरीत फोडली. पहिल्यातून चमचाभर पाणी ओघळलं. आत पिल्लू पूर्ण, पिसं, नखं सगळं तयार, मान सुजून बोटाएवढी. बाकीची नऊही तशीच. मुलगी शेजारी उभी होती. त्यानंतर तिने आठवडाभर ऑम्लेट खाल्लं नाही.

पवई_लेकसाइड
ज्याच्याबद्दल लिहिलंय तो मीच. नाव घ्यायला लाजलात का? माझे तीन बॅच ६० वर झालेत. १२ पैकी १०, ९, १०. तुमचे १२ पैकी २. सल्ला कोणी कोणाला द्यायचा?

भांडुपचा_भाऊ
मशीन कुठे ठेवता?

पवई_लेकसाइड
बेडरूममध्ये. का?

भांडुपचा_भाऊ
आणि एसी?

पवई_लेकसाइड
रात्रभर, २४ वर. दिवसा वर्क फ्रॉम होम असलं की दिवसाही. त्याचा काय संबंध?

भांडुपचा_भाऊ
सगळा संबंध तोच आहे, साहेब! एसी हवेतलं पाणी गाळून खिडकीबाहेर टपकवतो. तुमच्या खोलीची हवा डब्यात तापली की २५-३० टक्के उरते. तुम्हाला ट्रे भरावाच लागणार. भांडुपच्या चाळीत पंख्याखाली ठेवणाऱ्याने तेच केलं की मोरीत अंडी फोडायची वेळ येते. सल्ल्यासोबत एसीचं बिलही जोडत चला.

मालवणी_तडका
आमच्या आजीने जन्मभर कोंबड्या रवणीक घातल्या. डालग्यात भाताचा पेंढा, वर खुडूक कोंबडी, एकविसाव्या दिवशी पिल्लं. "कोंबडेक थर्मामीटर खंय असता?" म्हणायची. तुम्ही मीटर लावून भांडताय.

भांडुपचा_भाऊ
आजीला नमस्कार. पण आमच्या चाळीत खुडूक कोंबडी आणू कुठून? आणि बसली तरी मधेच उठली म्हणजे?

मालवणी_तडका
उठतेच. दिवसातून एकदा खायला, शिटायला उठते, पंधरा-वीस मिनिटं. अंडी मरत नाहीत. तुम्ही लोक दोन मिनिटं झाकण उघडलं तरी घाबरता.

वसईची_मावशी
ह्याला अनुमोदन. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती आठवतंय? माझ्याकडे सोळावा दिवस. थर्मोकोलचा खोका, ४० वॅटचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, एवढंच मशीन. चार तास अंधार. खोक्यावर सासूबाईंची गोधडी टाकली आणि देवाचं नाव घेतलं. १० पैकी ७ निघाली, एक दिवस उशिरा. थंडीने अंडं लगेच मरत नाही. पण एकदा थर्मोस्टॅट अडकून ४१ झालं होतं, दोन-तीन तासच असेल, तेव्हा सगळी गेली. तेव्हा आधी तापमानाचं बोला, आर्द्रतेचं नंतर.

आणि भाऊ, ३७.५ सरसकट लिहू नका. ते पंखा असलेल्या मशीनचं. बिनपंख्याच्या खोक्यात अंड्याच्या वरच्या टोकाशी ३८.५ ते ३९ लागतं. लोक प्रोब (तापमान मोजणारी तार) झाकणाला लटकवतात आणि अंडी तळाशी कुडकुडतात. स्वस्त प्रोबवर विश्वासही ठेवू नका. घरातला तापाचा थर्मामीटर शेजारी ठेवून पडताळा, तो नेमका ह्याच अंशांसाठी बनवलेला असतो.

भांडुपचा_भाऊ
मान्य, मावशी. पंख्याचं लिहायला हवं होतं.

मुलुंड_सेक्रेटरी
सगळ्यांनी पिल्लं काढायचं सांगितलं. पुढे काय, ते कोणी सांगत नाही. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एकाने "मुलांना निसर्ग कळावा" म्हणून अंडी उबवली. आठ पिल्लं, त्यातले पाच कोंबडे. चार महिन्यांनी पहाटे साडेतीनला पाच जण डक्टमधून आरवतात. तक्रारी माझ्याकडे!

पवई_लेकसाइड
लांबट, टोकदार अंडी निवडली असतील. त्यातून कोंबडेच निघतात. गोल अंडी घ्यायची.

भांडुपचा_भाऊ
आता हे नवीन. अंड्याच्या आकारावर नर-मादी ठरत नाही हो. निम्मे कोंबडे धरूनच चालायचं.

मालवणी_तडका
आजीही गोलच अंडी निवडायची.

भांडुपचा_भाऊ
मग आजीच्या निम्म्या कोंबड्यांचं काय व्हायचं?

मालवणी_तडका
वडे-सागोती.

मुलुंड_सेक्रेटरी
हसू नका. त्याच सभासदाने एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, उभं राहून विचारलं, "कुत्रा चालतो, मग कोंबडा का नाही?" दीड तास त्यावर गेला. पाण्याच्या टाकीचा विषय राहूनच गेला. शेवटी तीन कोंबडे त्याच्या गावी शहापूरला गेले, एक गुरख्याला दिला, एकाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

वसईची_मावशी
सेक्रेटरी, आरवण्यापेक्षा तुमच्या गणपतीचा डीजे मोठा असेल.

मुलुंड_सेक्रेटरी
डीजे दहा दिवस असतो, ताई. आणि गणपतीला मध्ये आणू नका.

पवई_लेकसाइड
मूळ विषयावर येऊ का? भाऊ, तुमचं एसीचं गणित ठीक. पण माझा मीटर ६० दाखवत होता म्हणजे डब्याच्या आत ६०. खोली कशी का असेना. तरी १० पिल्लं निघाली. ह्याला उत्तर आहे?

भांडुपचा_भाऊ
प्रश्न रास्त आहे. मीटर मिठाने तपासलाय? बाटलीच्या झाकणात मीठ, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं. विरघळू द्यायचं नाही. मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. जितकं जास्त-कमी, तितका मीटर खोटा.

पवई_लेकसाइड
करतो. तुमचं तोंड बंद करायला.

पवई_लेकसाइड
(दोन दिवसांनी) ८४ दाखवतोय. डबा बदलून पुन्हा केलं, ८४च.

भांडुपचा_भाऊ
म्हणजे तुमचं ६० हे ५१ च्या आसपास. माझ्याच आकड्यावर तीन बॅच काढलेत तुम्ही.

पवई_लेकसाइड
अभिनंदन. पुतळा उभारू का तुमचा? मीटर खोटा निघाला म्हणजे मी खोटा ठरत नाही. आणि शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणं बंद करून आर्द्रता ६५-७० वर न्यायची, तेव्हा ट्रे भरायचाच असतो, तुमच्या भांडुपातही.

भांडुपचा_भाऊ
ते कधी नाकारलं? अठराव्या दिवसानंतर भरा, ओलं फडकंही ठेवा आणि झाकण उघडू नका. माझं भांडण पहिल्या अठरा दिवसांशी आहे.

वसईची_मावशी
मीटर नसेल तर बॅटरीच्या उजेडात अंडं बघा ना. सातव्या, चौदाव्या, अठराव्या दिवशी पोकळीवर पेन्सिलने रेघ मारा. रेघ सरकत नसेल तर ट्रे काढा. एवढ्याशा गोष्टीसाठी पुरुष मंडळींनी चार दिवस घालवले.

पवई_लेकसाइड
(बारा दिवसांनी) नवीन बॅच, १२ अंडी, सुरुवातीला ५४८ ग्रॅम. वीज वाचवायला एसी बंद, ट्रे कोरडा. आज बाराव्या दिवशी ५०२. खूश?

भांडुपचा_भाऊ
अगदी वेळेवर चाललंय. बायको काय म्हणते, एसी बंद म्हणून?

पवई_लेकसाइड
माहेरी गेलीय.

मुलुंड_सेक्रेटरी
कोंबडे कोणाला देणार, ते आत्ताच ठरवून ठेवा.