कोकणातली डान्सची गाणी: सलग अल्बम करा की एकेक गाणं सोडा?

दापोलीकर

गणपती जवळ आले की दरवर्षी तेच चालू होतं. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत जेवढी म्हणून गाणी करणारी पोरं आहेत ती सगळी यूट्यूबवर एकेक गाणं सोडायला लागतात, आधी पोस्टर, मग टीझर, मग गाणं, मग शेअर करा शेअर करा, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं गाणं आलं की पहिलं कोणाच्या लक्षातसुद्धा राहत नाही. गाणी वाईट असतात असं मुळीच नाही, काही तर इतकी चांगली असतात की वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाचाची दहा-बारा गाणी हातात असतील तर ती एकत्र बसवा, ठेका न तोडता एकातून दुसऱ्यात न्या, आणि सगळी एकाच दिवशी बाहेर काढा.

अमेरिकन गायिका मॅडोनाचा 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर' ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी एकदा पूर्ण ऐका. नोव्हेंबर २००५ मध्ये आला. त्याच्या आधीचा तिचा २००३ चा अल्बम तिच्या मानाने पडला होता, वय ४७, आणि तेव्हा बाईने काय केलं तर तिच्या टूरचं संगीत सांभाळणाऱ्या स्टुअर्ट प्राइसला धरलं आणि बराचसा अल्बम त्याच्या लंडनच्या घरातल्या स्टुडिओत केला. बारा गाणी, छप्पन मिनिटांच्या आसपास, मध्ये एकही गॅप नाही. डीजे रात्रभर जसा सेट लावतो तशी मांडणी, सुरुवातीला हलकीफुलकी नाचरी गाणी आणि पुढे पुढे ती स्वतःबद्दल बोलायला लागते, पण पायाखालचा ठेका सुटत नाही. २००७ ला डान्स अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ही गाणी सुटी सुटी आली असती तर हा चढ कोणाला कळलाच नसता. आपल्याकडे हे का होत नाही?

कुडाळ रेकॉर्डिंग

दापोलीकर, मनापासून लिहिलंय म्हणून मनापासूनच उत्तर देतो. माझा छोटा स्टुडिओ आहे, पोरं माझ्याकडे येतात. एका गाण्याचे पैसे जमवताना त्यांची काय ओढाताण होते ती मी बघतो. अरेंजरचे वेगळे, ढोलकीवाल्याचे वेगळे, गायकाचे, मिक्सिंगचे, आणि सगळ्यात जास्त खर्च व्हिडिओचा, ड्रोन पाहिजे, होडी पाहिजे, नऊवारीतल्या दहा मुली पाहिजेत. एक गाणं चाललं तर त्यावर दुसरं उभं राहतं. बारा गाणी एकदम करा म्हणजे वर्षभर पैसे अडकवा आणि एका दिवशी सगळा जुगार.

आणि मॅडोनाचं म्हणाल तर घरातला स्टुडिओ होता हे खरं, पण मागे जगातली मोठी कंपनी होती. आणि अल्बमच्या महिनाभर आधी तिनेही एक गाणं सुटं सोडलंच होतं की, 'हंग अप'. ते ४१ देशांत एक नंबरला गेलं. लोकांनी अल्बम घेतला तो त्या एका गाण्यावर. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतंय.

वेंगुर्ल्याची ताई

मी गाते, भजनात पण आणि स्टेजवर पण, म्हणून गायकाच्या बाजूने सांगते. दापोलीकर दादांचं सलग अल्बमचं प्रेम समजलं, पण त्याच रस्त्याने न जाताही सलगपणा मिळतो. इंग्लिश गायिका दुआ लिपाचा 'फ्यूचर नॉस्टॅल्जिया' घ्या. पहिलं गाणं २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास आलं, अल्बम यायचा होता ३ एप्रिल २०२० ला, पण तो आधीच लीक झाला आणि वर जगभर लॉकडाऊन, तर त्यांनी तो आठवडाभर अलीकडे ओढून २७ मार्चला काढला. सगळे क्लब बंद, नाचायला जागा नाही, आणि लोक घरात त्या गाण्यांवर नाचले. त्या अल्बममध्ये गाणी सुटीच आहेत. मग ऑगस्टमध्ये त्याच गाण्यांचा डीजे मिक्स आला, एकातून एक जाणारा, द ब्लेस्ड मॅडोना या डीजेने (ही मॅडोना वेगळी) बांधलेला. म्हणजे आधी गाणी, नंतर मिक्स. दोन्ही झालं ना?

आपल्याकडे हेच जमेल. वर्षभरात परवडतील तशी गाणी सोडा आणि चतुर्थीच्या आधी त्यांचाच सलग मिक्स काढा.

बेंजोवाला मालवण

माका ह्या सगळा पटाक नाय. जा तुमी नवीन म्हणून सांगतास ता आमी बेंजोवाले कधीपासून करतंव. आता सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो.

विसर्जनाच्या मिरवणुकीत आमची पार्टी कधी थांबलेली बघितलीत का? गाणं संपतं कुठे आणि सुरू होतं कुठे ते नाचणाऱ्याला कळत नाही, कळलं तर आम्ही फेल. त्यात एक पद्धत आहे. ऑक्टोपॅडवाला ठेका धरून राहतो, बेंजोवाला डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबत असतो आणि उजव्या हातातली पट्टी तारांवर चालू असते, तो नुसती मान वर करून बघतो, पुढच्या गाण्याच्या मुखड्याचे दोन-तीन सूर आधीच्या गाण्यातच टाकून ठेवतो, पब्लिक ओळखतं आणि ओरडतं, आणि त्या ओरडण्यावर आम्ही उडी मारतो. दोन गाण्यांची पट्टी, म्हणजे सूर, जुळत नसेल तर मध्ये चार आवर्तनं नुसता ठेका आणि शिट्ट्या, मग नवी पट्टी. दमलेली माणसं दिसली की जरा खाली आणतो, देवळाकडे वळलो की परत वर. हे सगळं समोरच्याचे पाय बघून ठरतं. स्टुडिओत बसून कोणाचे पाय बघणार तुम्ही? म्हणून मी म्हणतो सलग वाजवायची जागा रस्ता आहे. रेकॉर्डिंगमध्ये गाणं एकेक आणि स्वच्छच पाहिजे, म्हणजे आम्हाला ते उचलता येतं.

दापोलीकर

बेंजोवाले दादा, तुम्ही जे लिहिलंत तेच तर मला अल्बमवर पाहिजे आहे! पट्टी जुळत नसेल तर चार आवर्तनं ठेका, आधीच्या गाण्यात पुढच्याचे सूर, ही अक्कल तुमच्या पार्टीकडे आहे आणि रेकॉर्डवर कुठेच उतरलेली नाही. मिरवणूक संपली की ते गेलं. मोबाईलवर कोणीतरी काढलेला व्हिडिओ राहतो, त्यात सगळा आवाज फाटलेला.

कुडाळवाल्यांना: एक गाणं महिनाभर आधी सोडायला माझी काहीच हरकत नाही, लोकांना बोलवायला एक गाणं पुढे जाऊ दे. माझा विरोध आहे तो बाराच्या बारा तशी सोडण्याला. आणि व्हिडिओचा खर्च तुम्ही स्वतःच सांगितलात, तर बारा व्हिडिओ करूच नका. एक व्हिडिओ करा, बाकी अकरा नुसती ऐकायची. ड्रोन आणि होडीचे पैसे ढोलकीवाल्याला द्या, ताशेवाल्याला बोलवा, कोरसला गावातल्या बायका बसवा.

ताईंना: नंतर केलेला मिक्स आणि मुळातच सलग बांधलेला अल्बम यात फरक पडतो. पहिलं गाणं करतानाच दुसरं कुठून सुरू होणार ते डोक्यात असेल तर पट्टी, वेग, शेवट सगळं त्या हिशोबाने होतं. शक्ती-तुऱ्याच्या बारीला, म्हणजे दोन पार्ट्यांच्या गाण्यांच्या सामन्याला, आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब, असा क्रम का असतो? मधूनच कोणी सवाल टाकत नाही. जाखडी नाचात पोरं सुरुवातीला सावकाश फिरतात आणि शेवटी घुंगरू तुटतील इतकी लय वाढते. हा चढ आपल्या रक्तातला आहे आणि रेकॉर्डिंगला बसलो की आपण तो सोडून देतो.

श्रीवर्धन कोळीवाडा

सगळे सलग की सुटं यावर भांडताय, मला ठेक्याची जास्त काळजी आहे. ही परदेशी डान्सची गाणी चार मात्रांवर चालतात, प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे बास ड्रमचा ठोका, 'हंग अप'चा वेग मिनिटाला १२५ च्या आसपास आहे. आपलं कोळीगीत सहा मात्रांच्या हेलकाव्यात असतं, होडीत बसल्यासारखं. सलग अल्बम करायचा म्हणून बाराही गाणी एका किकवर बसवलीत तर कोळीगीताचा हेलकावा मरतो, आणि हे मी उगाच बोलत नाही, आता निम्म्या गाण्यांत हेच झालंय, चाल कोळ्याची आणि खाली नुसतं धप धप धप.

दुसरी गोष्ट परवानगीची. मॅडोनाच्या त्या 'हंग अप'मध्ये अ‍ॅबा या स्वीडिश बँडच्या १९७९ च्या 'गिमी गिमी गिमी'ची धून आहे. अ‍ॅबावाले सहसा कोणाला देत नाहीत, तिने पत्र पाठवून मागितली, आणि गाण्याच्या श्रेयात त्या दोघांची, बेनी अँडरसन आणि ब्यर्न उल्व्हेयस यांची, नावं आहेत. आपल्याकडे काय करतात? "पारंपरिक" लिहितात आणि मोकळे होतात. जुन्या कॅसेटवरची कितीतरी कोळीगीतं पारंपरिक नाहीत, ती कोणीतरी लिहिलीत, कोणीतरी चाल लावलीय, हक्क कुठल्यातरी कंपनीकडे आहेत. आमच्या वाडीतल्या पोरांनी अशीच एक चाल घेतली, गाणं लाखात गेलं, आणि जाहिरातीचे सगळे पैसे यूट्यूबवर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, लावलेल्या कंपनीला. आता विचार करा, सलग अल्बमचा एकच मोठा व्हिडिओ टाकलात आणि त्यातल्या एका चालीवर क्लेम आला तर अख्ख्या छप्पन मिनिटांची कमाई अडकणार. सुटी गाणी असतील तर एकच अडकतं. हा मुद्दा कोणी बोलतच नाही.

चाकरमानी ठाणे

ऐकणाऱ्याच्या बाजूने बोलतो. रात्री दिवा स्टेशनहून गाडी पकडली की सकाळपर्यंत गाणीच लागतात डब्यात. दर गाण्यानंतर जाहिरात, मग भलतंच काहीतरी सुरू, कोणाचातरी फोन, मूड जातो. सलग तासभर चालणारं आपलं काही असेल तर मी विकत घेईन आणि आजूबाजूच्यांना पण लावायला लावीन. वाडीत पण रात्री दहाला स्पीकर बंद करायला लागतो, नऊला सुरू केलं तर बरोबर बसतं. माझं मत दापोलीकरांना.

वेंगुर्ल्याची ताई

दादा, तुमच्यासारखे ऐकणारे भेटले तर कोणाला नको आहेत. पण माझ्या भाच्या तीस सेकंदांच्या वर काही ऐकत नाहीत, रीलला लागेल तेवढा तुकडा त्यांना पाठ. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर गाणं सुटंच पाहिजे. आणि एक सांगते, सलग अल्बममध्ये गायिकेचं गाणं नेहमी मध्ये कुठेतरी दाबलं जातं. सुटं आलं तर निदान माझ्या नावाने येतं. क्रम लावणारा कोण, तर पुरुष अरेंजर. हे आधी ठरवा.

दापोलीकर

ताई, हे तुमचं अगदी योग्य आहे आणि यावर मला वाद घालायचाच नाही. क्रम लावताना गाणारे सगळे बसले पाहिजेत. कोण्या एकट्याचं काम नाही ते.

श्रीवर्धनकर, सहाचा ठेका मारायची गरज नाही. सहा मात्रांत किक पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा, त्या दोन किकमधलं अंतर आधीच्या गाण्याच्या किकएवढंच ठेवा, म्हणजे नाचणाऱ्याचा पाय तसाच पडतो आणि वर हेलकावा सुरू होतो. चारावरून सहावर जाताना मध्ये नुसता ढोल. शिमग्यात पालखी नाचवताना ढोलवाले हे सहज करतात, खांद्यावर पालखी असलेला माणूस चुकत नाही. परवानगीबद्दल मात्र तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं, चाल नवीन करा नाहीतर मागून घ्या आणि नाव लिहा, तिसरा रस्ता नको.

बेंजोवाला मालवण

पहिल्या आणि चौथ्यावर किक हे बरोबर आहे, आम्ही तसंच करतो. पण ताशा कॉम्प्युटरचा नको. कॉम्प्युटरचा ताशा प्रत्येक वेळी सारखाच वाजतो, माणसाचा कधी वाजत नाही. ताशा खरा असेल तर मी यायला तयार आहे, आणि जोड कशी मारायची तेही बसून सांगीन. पैसे नंतर बघू.

कुडाळ रेकॉर्डिंग

मी अजून एकेक गाण्याच्याच बाजूचा आहे, ते काही बदललं नाही. पण बेंजोवाले दादा बसणार असतील तर रेकॉर्डिंग माझ्याकडे करा, तारखा मी देतो. दोन अटी. प्रत्येक गाण्याचे ट्रॅक वेगवेगळे जपून ठेवायचे, ढोलकी वेगळी, ताशा वेगळा, आवाज वेगळा, आणि फाईलच्या नावात वेग आणि पट्टी लिहायची, कारण मागे एका ग्रुपने सगळं एकत्र करून आणलं आणि मिक्स करायला काही हातातच नव्हतं. आणि बाराच्या बारा गाण्यांची सुटी कॉपी पण मी काढणार, सुरुवात-शेवट नीट केलेली. सलग चाललं नाही तर पुढच्या शिमग्याला ती एकेक करून सोडायची. हे मान्य असेल तर नारळीपौर्णिमेच्या आत पहिली चार गाणी घेऊन या.