२००५ साली राजीनामा, २०२२ साली विलीनीकरण: दिगंबर कामतांच्या कारकिर्दीचं मोल कसं करायचं?

साष्टीकर
मडगावने दिगंबर कामतांना १९९४ पासून २०२२ पर्यंत आठ वेळा निवडून दिलं. त्यात २००५ ची पोटनिवडणूकही आली. भाजपचे आमदार, पर्रीकर सरकारात मंत्री, मग काँग्रेसचे मुख्यमंत्री (२००७ ते २०१२), २०१९ मध्ये विरोधी पक्षनेते, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा भाजप आणि २०२५ मध्ये मंत्री. या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो २००५ आणि २०२२ मधला फरक.

२००५ साली त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, काँग्रेसच्या चिन्हावर मडगावकरांसमोर पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. २०२२ मध्ये राजीनामा नाही, पोटनिवडणूक नाही. काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले आणि सगळ्यांच्या जागा शाबूत राहिल्या. त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेस उमेदवारांनी पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा फुलांचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा इथे पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. विरोधी पक्षनेतेपद भूषवलेल्या माणसाने तरी मतदाराला दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

अंत्रुजकर
साष्टीकरबाब, २००५ चा राजीनामा तुम्ही नीतिमत्तेच्या खात्यावर जमा करताय, पण तो कायद्याने भाग पाडलेला होता. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले की 'फूट' म्हणून मान्यता मिळायची. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली. उरली ती दोन तृतीयांश आमदारांनी मिळून विलीनीकरण करायची वाट, त्यात जागा शाबूत राहतात. २००२ मध्ये भाजपचे सतरा आमदार निवडून आले होते, म्हणजे दोन तृतीयांशासाठी बारा हवे होते. तेवढे जमण्यासारखे नव्हते, म्हणून चौघांनी राजीनामे दिले, पर्रीकर सरकार पडलं, मार्च ते जून २००५ राष्ट्रपती राजवट आली. २०२२ मध्ये आकडा जमला, म्हणून राजीनाम्याची गरज पडली नाही. माणूस तोच आहे, गणित बदललं.

आणि विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी काय सोसलं तेही सांगा की. २०१७ मध्ये काँग्रेसचे सतरा आमदार होते. विश्वजित राणे लगेच गेले, २०१८ मध्ये शिरोडकर आणि सोपटे गेले. २०१९ ला पणजीची पोटनिवडणूक जिंकून संख्या पंधरा झाली आणि जुलैत तेव्हाचे विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर स्वतःसह दहा जण घेऊन भाजपमध्ये गेले, उपमुख्यमंत्री झाले. उरले पाच. कामतांनी पद घेतलं ते या पाचांचं. २०२१ संपेपर्यंत लुईझिन फालेरो, रवी नाईक आणि रेजिनाल्ड यांनीही राजीनामे दिले. सतरापैकी दोघे उरले, प्रतापसिंह राणे आणि दिगंबर कामत. जायचंच असतं तर ते तेव्हाच गेले असते.

साष्टीकर
ही बाजू मी नाकारत नाही. कवळेकर गेल्यावर ज्याने पक्ष सावरला त्याच्याकडून अपेक्षा जास्त होती, म्हणून तर वाईट वाटतं. पण 'गणित बदललं' हे समर्थन मला पटत नाही. कायदा जागा राखायला परवानगी देतो, राजीनामा द्यायला मनाई करत नाही.

तिसवाडीकर
गणित नीट मांडू या, कारण खरी मेख तिथेच आहे. पंधराचे दोन तृतीयांश म्हणजे बरोबर दहा. २०१९ मध्ये बरोबर दहाच गेले, एकही जास्त नाही. अकराचे दोन तृतीयांश ७.३३, म्हणून आठ लागतात. २०२२ मध्ये बरोबर आठ गेले. जुलै २०२२ मध्ये हालचाली उघड झाल्या तेव्हा आकडा पुरा नव्हता. काँग्रेसने मायकल लोबोंना विरोधी पक्षनेतेपदावरून काढलं, लोबो आणि कामत यांच्याविरुद्ध अपात्रतेच्या याचिका दिल्या, आणि तरीही दोन महिन्यांत आठ जण जमले. विधिमंडळ पक्ष जितका लहान तितका हा आकडा गाठणं सोपं. चाळीसच्या सभागृहात एका जेवणाच्या टेबलावर दोन तृतीयांश बसतात.

दुसरी अडचण कायद्याच्या अर्थाची. घटनेच्या दहाव्या परिशिष्टाच्या (पक्षांतरबंदी कायद्याच्या) चौथ्या परिच्छेदात मूळ राजकीय पक्षाचं विलीनीकरण म्हटलंय आणि त्याला दोन तृतीयांश आमदारांची संमती. साधं वाचलं तर दोन अटी दिसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी २०१९ च्या प्रकरणात निकाल दिला की दोन तृतीयांश आमदारांनी मान्य केलं की विलीनीकरण झालं असं धरायचं. सप्टेंबरच्या आठ जणांसाठी रस्ता त्या निकालाने मोकळा झाला. पुढे ११ मे २०२३ ला शिवसेनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष या वेगळ्या गोष्टी आहेत असं स्पष्ट केलं. माझ्या मते त्या उजेडात गोव्याचा निकाल टिकायला नको.

वेळही पाहा. २०१९ च्या याचिकांवर सभापतींचा निर्णय एप्रिल २०२१ मध्ये आला, उच्च न्यायालयाचा पुढच्या विधानसभेसाठी मतदान होऊन गेल्यावर. अपात्र ठरले असते तरी काढून घ्यायला काही उरलं नव्हतं.

बार्देसकर
मला पक्षांतरापेक्षा कामाचा हिशेब महत्त्वाचा वाटतो, आणि तिथे कामत कमी पडले. विरोधी पक्षनेत्याच्या हातात मोजकी हत्यारं असतात: प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी, कपात सूचना, शुक्रवारचे खासगी ठराव, विधेयकावर मतविभाजनाची मागणी आणि लोकलेखा समिती. २००७ नंतर पर्रीकरांकडे भाजपचे चौदा आमदार होते. लोकलेखा समितीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी २०११ मध्ये बेकायदा खाणींवर अहवाल तयार केला. समितीतल्या सत्ताधारी सदस्यांनी साथ दिली नाही, तरी विषय दाबला गेला नाही. तेव्हा खाण खातं मुख्यमंत्री कामतांकडेच होतं, हे विसरू नये.

उलट ३० जुलै २०२१ घ्या. अधिवेशनाचा शेवटचा दिवस, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक आलं, तीस वर्षं राहणाऱ्याला २५० चौरस मीटरपर्यंत घराची मालकी देणारं. विरोधकांनी सभात्याग केला आणि विधेयक मंजूर झालं. बाकांवर कोणी नसलं की चिकित्सा समितीची मागणी होत नाही, मतविभाजन होत नाही, कोणत्या आमदाराने कुठे मत दिलं याची नोंद राहत नाही.

अंत्रुजकर
बार्देसकर, चौदा जणांची पाचांशी तुलना कशी करता? मतविभाजन मागून पाच मतं पडली असती. त्या विधेयकावर गावागावांत लोक बोलले, ऑगस्टमध्ये मुख्यमंत्र्यांना 'भूमिपुत्र' हा शब्द काढण्याची घोषणा करावी लागली, विधेयक राज्यपालांकडे गेलं नाही. तसंच मुख्यमंत्री म्हणून कामतांनी २००७ च्या शेवटी लोकांचं ऐकून विशेष आर्थिक क्षेत्रं रद्द केली. पाच वर्षांची पूर्ण मुदत सरकार चालवलं, जे नव्वदच्या दशकात आपल्याकडे कोणाला जमलं नव्हतं. त्या माणसाची कारकीर्द फक्त एका सप्टेंबरवर तोलू नका.

बार्देसकर
पाच मतं पडली असती, पण नोंदली गेली असती. पुढच्या निवडणुकीत लोकांना दाखवायला कागद राहिला असता. आणि विधेयक थांबलं ते गावागावांतल्या लोकांमुळे, हे तुम्हीच लिहिलंय.

तिसवाडीकर
एक उपाय कोणाच्याही चारित्र्यावर अवलंबून न राहता होऊ शकतो. चौथा परिच्छेद काढून टाका. पक्ष बदलायचा तर एकटा असो वा आठ जण, राजीनामा द्यायचा आणि पोटनिवडणूक लढवायची. कामतांनी २००५ मध्ये हेच केलं आणि मडगावने त्यांना परत पाठवलं, म्हणजे लोकप्रिय माणसाला यात भीती नाही. आठ पोटनिवडणुकांचा खर्च होईल, होऊ दे. शिवाय ९१ व्या घटनादुरुस्तीमुळे गोव्यात मुख्यमंत्र्यांसह बाराच मंत्री होऊ शकतात. राजीनामा देऊन येणाऱ्याला मंत्रिपदाची खात्री नसेल, तर निम्मे जण जागेवरच बसतील.

साष्टीकर
मान्य. आठांनंतर काँग्रेसकडे तीन आमदार राहिले, युरी आलेमाव विरोधी पक्षनेते झाले, आप, गोवा फॉरवर्ड आणि आरजी (रिव्होल्यूशनरी गोवन्स) धरून समोरचे बाक सातांचे. विलीनीकरण हा शब्द आपण गोमंतकीय मराठी माणसांनी १९६७ मध्ये गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या अर्थाने ऐकला, बाजूने आणि विरोधात घसा कोरडा केला. पण १६ जानेवारीला दारोदारच्या माणसाला विचारलं गेलं आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाविरुद्ध निर्णय झाला. जे हरले त्यांनीही तो मानला. २०२२ च्या विलीनीकरणात मडगावच्या मतदाराला कोणी विचारलं नाही. कामतबाबांनी विचारलं असतं तर कदाचित नवव्यांदाही तेच निवडून आले असते, आणि मी हा धागा काढला नसता.